मधला मजला

वूस्टरला तीनमजली लाकडी घरं असतात,
एकावर एक रचलेल्या डब्यांसारखी.
खालच्या डब्यात मी,
वरच्यात मिसेस लिपिन्स्की आणि त्यांचा ऑक्सिजनचा सिलिंडर,
मधला जूनपासून रिकामा.
रिकामा मजला रात्री वाजतो.
बँकेचा हप्ता मात्र मुकाट्याने जातो.

कागद मी आधी केला,
पहिला फोन यायच्याही आधी.
सगळ्यांना तेच सात प्रश्न, त्याच क्रमाने:
कधीपासून, किती जण, पगाराची चिठ्ठी,
मागच्या घरमालकाचा नंबर.
आत्ताच्याचा नव्हे, त्याच्याही मागच्याचा;
ज्याला भाडेकरू घालवायचाय
तो फार गोड बोलतो.
न विचारायचं ते कागदाच्या पाठीवर, पेन्सिलने,
फक्त माझ्यासाठी:
देव, देश, नवरा, पाळणा.

शनिवारी अकरा ते एक, लख्ख उजेडात.
जिन्यात शेजारचा ऑगस्टीन बसलेला,
हातात पेचकस,
सैल नसलेला स्क्रू दोन तास आवळत.
एकजण सहा महिन्यांचं भाडं रोख घेऊन आला.
पाकीट काढलं, ओळखपत्र काढेना.
म्हटलं, आधी ते, मग हे.
पुन्हा आला नाही.
ऑगस्टीनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही,
स्क्रू तेवढा अर्धा फेरा फिरवला.

मग न्यू जर्सीहून एक फोन.
"अगंबाई, मराठी! किती बरं वाटलं!
भाचा येतोय आमचा, निर्व्यसनी,
आपलाच मुलगा, त्याला कसले कागद?"
आणि जरा थांबून, आवाज खाली आणून,
"शिरसाट म्हणजे तुम्ही... कुठले?"

त्या 'कुठले'चं वजन मला ठाऊक आहे.
त्यात गाव नसतं.

सांगली, एकोणनव्वद साल.
फाटकात बाबा, मी, आणि इस्त्रीचा फ्रॉक.
बाई ओले हात पदराला पुसत आल्या,
खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवला,
मग बाबांचं पूर्ण नाव विचारलं.
"अहो, जागा कालच गेली की."
आम्ही वळलो तेव्हा
'खोल्या भाड्याने देणे आहे'
फाटकावर वाऱ्याने हलत होतं.
बाबा म्हणाले, नळाला पाणी कमीच होतं.

रविवारी रात्री आणखी एक फोन.
भरड, जाड आवाज, अर्धे शब्द मला लागेनात.
आडनाव कॉली. बायको, तीन मुलं,
हॉस्पिटलच्या लाँड्रीची गाडी चालवतो,
भाड्यातला काही भाग सरकारी व्हाउचरवर.
आणि माझ्या जिभेवर ते वाक्य आलं,
अख्खं, इंग्रजीत, व्याकरणशुद्ध:
जागा कालच गेली.
कुणी शिकवलं नव्हतं.
चौतीस वर्षं ते कुठे राहत होतं माझ्यात,
भाडं न देता?

मी पाणी प्यायले.
म्हटलं, उद्या साडेपाच. सात प्रश्न आहेत.

कॉलींचे कागद मंगळवारी सकाळी पुरे झाले,
वेळ उजव्या कोपऱ्यात लिहिली.
जुन्या मालकिणीने सांगितलं:
दोनदा उशीर, दोन्ही वेळा आधी कळवून.
भाच्याचे आले गुरुवारी.
पगार जास्त, अक्षर सुंदर.
न्यू जर्सीला मी वार सांगितले, दुसरं काही नाही.
तिकडून "बरं" आलं,
दार लावल्यासारखं.

खिडक्यांच्या जुन्या रंगात शिसं निघालं.
ते खरवडून काढणं माझं काम,
मुलं असणं हा त्यांचा गुन्हा नव्हे.
खर्च बराच आला. बोलत नाही.

आता डोक्यावर सहा पाय धावतात.
माझा माणूस ओळखण्यात घोटाळा झाला असेल
तर एक तारखेला कळेल,
किंवा पुढच्या एक तारखेला.
भीती गेलीय असं म्हणणार नाही.

पाटी मात्र त्याच दुपारी काढली,
खिळ्यासकट.